तेलावरचा कौल

मागच्या उन्हाळ्यात गावच्या घरामागच्या देवाच्या घुमटीला गुळगुळीत फरशी बसवली. त्या निमित्ताने सगळे चाकरमानी जमले होते, मंडप होता, भाड्याचा माईक होता. चुलतभावाच्या मुलाने माईक हातात घेतला, दोनदा फुंकर मारून बघितली आणि म्हणाला, "आमचे आजोबा देवाच्या शब्दाबाहेर कधी गेले नाहीत." टाळ्या पडल्या. मी पुढच्याच रांगेत बसले होते आणि माझं मस्तक असं फिरलं की हातातला सरबताचा पेला मी खाली ठेवला, नाहीतर तो भिरकावला गेला असता. शेजारी बसलेल्या वहिनी हळूच म्हणाल्या, "वन्सं, आता ह्या वयात कित्याक राग करतास?" ह्या वयात नाही तर कधी करायचा? लहानपणी कोणी करू दिला नाही, मधल्या वयात नोकरी आणि संसारातून सवड मिळाली नाही. आता सवड आहे. ज्या आजोबांसाठी टाळ्या वाजल्या ते माझे थोरले काका, आबा. त्यांनी देवाचा शब्द किती पाळला ते मला ठाऊक आहे, कारण तो शब्द माझ्यावरून काढला होता. म्हणून तेवढं एक प्रकरण मी सविस्तर लिहिते आहे.

आमचं घर मसुऱ्याच्या खाडीच्या अलीकडे, माडांच्या बागेत. घरात आबा, काकी, त्यांचा एकुलता एक मुलगा दादा, माझी आई आणि मी. माझे बाबा मालवाहू बोटीवर खलाशी. ते घरी असत त्यापेक्षा त्यांच्याविषयीचं बोलणंच घरात जास्त असे, आणि दर खेपेला निघताना ते एकच वाक्य ठेवून जात, "आबा सांगतीत तसां करा." त्यामुळे घरात शब्द एकाचाच. पहाटे रहाटाचा आवाज, मग चुलीत फुंकणीचा, मग आईच्या आडाळ्याचा. आडाळा म्हणजे खोबरं किसायची विळी. तिचा खर्र खर्र आवाज माझ्या कानात अजून आहे, कारण तो एकाएकी थांबला की समजायचं, आबा पडवीत आले. आबा खोकले की बायकांचं बोलणं थांबे, हसणं थांबे, भांडीसुद्धा जपून ठेवली जात. पेजेच्या वेळी पुरुषांच्या पानात भाजलेला बांगडा आणि आमच्या पानात खारातली कैरी, हेही असंच कधी कोणी न ठरवता ठरलेलं. मी एकदा विचारलं होतं की बांगडा आम्हाला का नाही. आईने माझ्या मांडीला चिमटा काढला होता.

आईच्या हाताला कायम तेलाचा वास असे. नारळाचं दूध मंद आचेवर आटवून ती आवेल तेल काढायची. कोकमाच्या बिया कुटून पाण्यात उकळायची, वर जमणारा थर काढून मुठीत दाबून त्याचे गोळे करायची. त्याला मुठेल म्हणतात. हिवाळ्यात फुटलेल्या टाचांना ते लावायचं. मी चुलीपाशी बसून बघत असे. कितीही उकळा, कितीही ढवळा, तेल आपलं वर येऊन वेगळं बसायचं. मीठ टाकलं तर गायब, गूळ टाकला तर गायब, आणि हे मात्र कोणाला दाद देत नाही. मी आईला विचारायची, "आये, ह्यां पाण्यात जाय कित्याक नाय?" ती म्हणायची, "नाय जायत. तेका नको असात." तिच्यापुरतं ते उत्तर पुरेसं होतं. मला नव्हतं.

सातवीत आम्हाला केळुसकर मास्तर विज्ञान शिकवायचे. त्यांनी एक दिवस टेबलावर पेले मांडले. एकात मीठ, एकात साखर, एकात वाळू, एकात खोबरेल. वाळू तळाशी बसली, तेल वर. मास्तर म्हणाले, "तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते विरघळत नाही." मी उभी राहिले. म्हटलं, हलकं म्हणून तरंगतं हे कळलं, पण हलकं आणि विरघळणं यांचा संबंध काय? दारू पाण्याहून हलकी असते असं तुम्हीच मागच्या आठवड्यात सांगितलंत, मग ती पाण्यात कशी मिसळते? दारूबंदीचे दिवस होते. दारूत पाणी कोण घालतं आणि ती रात्री कोण पितं हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. वर्ग खो खो हसला, मास्तर कानापर्यंत लाल झाले आणि त्यांनी मला बाकावर उभं केलं. पण माणूस वाईट नव्हता. तास संपल्यावर मला थांबवून म्हणाले, "तुझा प्रश्न बरोबर आहे. मला उत्तर येत नाही. हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवतात, तिथे कळेल तुला." त्या दिवसापासून हायस्कूल हा शब्द माझ्या डोक्यात घर करून बसला. मला डॉक्टर व्हायचं नव्हतं की मास्तरीण व्हायचं नव्हतं. मला तेलाचं काय ते कळून घ्यायचं होतं, आणि ते मालवणच्या हायस्कुलात ठेवलेलं होतं. मालवणात माझा मामा शिवणकाम करायचा, त्याची मला ठेवून घ्यायची तयारी होती. अडचण एकच होती, ती पडवीत खोकत बसलेली असे.

आबा म्हणाले, "चेडवाक सातवी खूप झाली." शिरोड्याचं एक स्थळ त्यांच्या मनात होतं. माझं वय तेरा. लग्न लगेच नव्हे, पण बोलणी करून ठेवायची आणि मुलगी तोवर घरकामाला बसवायची, असा बेत. आईने आजवर आबांसमोर तोंड उघडलं नव्हतं. तिला काही सांगायचं असलं की ती काकीला सांगे आणि काकी आबांना. यावेळीही तिने काकीच्या मार्फत निरोप धाडला, की मुलीला शाळेत जायचं आहे आणि आपलीही तीच इच्छा आहे. आबा जरा वेळ सुपारी कातरत बसले आणि म्हणाले, "माझां काय ना. देवाक इचारूया." हे 'माझां काय ना' मी आयुष्यात नंतर पुष्कळ पुरुषांच्या तोंडून ऐकलं. ज्याचं सगळंच असतं तोच हे म्हणतो.

आमच्याकडे देवाला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. घुमटीत काळा पाषाण, त्याला चांदीचे डोळे. तो घराचा राखणदार. गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवापुढे प्रश्न मांडायचा, आणि तांबड्या फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून पाषाणाच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या. उजव्या खांद्यावरची आधी पडली तर होकार, डाव्या खांद्यावरची पडली तर नकार. कोणाचं लग्न, कोणाची जमीन, कोणाची बैलजोडी, सगळं त्या दोन पाकळ्यांवर. कौलाच्या सकाळी पाषाणाला तेल लावून, ऊन पाण्याने धुवून, फडक्याने पुसून कोरडा करायचं काम घरच्या सुनेचं. तेवढं झालं की तिने पडवीत जायचं. कौलाच्या वेळी बायकांनी देवासमोर उभं राहायचं नाही. पडवीच्या कुडाआडून त्यांना फक्त ऐकू येई, "उजवो दिल्यान" किंवा "डावो दिल्यान". धुवायला चालतात, पुसायला चालतात, आणि देव बोलायला लागला की त्यांची सावली नको. यात कोणाला काही विचित्र वाटत नसे. मला वाटे, पण मी तेरा वर्षांची होते.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवते, ती पुढे लागणार आहे. आदल्या वर्षी दादाला मुंबईत नोकरीला धाडायचं घाटत होतं, तेव्हा कौल लावला तर डावा आला. आबा म्हणाले, आज देवाचं मन नाही, पुन्हा विचारू. पुन्हा विचारलं, पुन्हा डावा. मग एका सोमवारी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा उजवा आला, आणि आबांनी लगेच नारळ फोडला. दादा मुंबईला गेला. देवाच्या शब्दाबाहेर आबा कसे जात नसत ते हे असं.

माझ्या कौलाच्या दिवशी आई नेहमीपेक्षा जास्त वेळ घुमटीत होती. मला वाटलं, प्रार्थना करत असेल. मग गुरव आले, तातू गुरव, म्हातारे, वाकलेले, मला लहानपणी खांद्यावर घेऊन जत्रेला नेणारे. ज्याच्यावरून कौल, त्याने समोर बसायचं म्हणून मुलगी असूनही मला पाषाणासमोर बसवलं. आबा बाजूला उभे. तातूंनी हात जोडून सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, ह्यां लेकरू आज तुझ्या पायाकडे इलां हा. ह्या चेडवान फुडे शाळेत जावचां काय नको, तां तुझ्या मुखान सांग. जावचां आसात तर उजवो दी, नसात तर डावो दी." आबा म्हणाले, "व्हय म्हाराजा." पाकळ्या लागल्या. मी उजव्या पाकळीकडे डोळे लावून बसले होते. तेवढ्यात डाव्या खांद्यावरची पाकळी गळली. गळली म्हणजे घसरली, पाणी लागलेलं बोट काचेवरून घसरावं तशी, आणि खाली पडली. तातूंनी मान खाली घातली आणि पुटपुटले, "डावो दिल्यान." आबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "झालां," म्हणाले आणि चहा मागवून तातूंबरोबर पुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, जाऊन बसले.

मी तिथेच राहिले. मला रडू आलं नाही, संताप आला. देवाशी भांडायचं म्हणून मी घुमटीत वाकले आणि त्याच्या तोंडावर पाण्याची ओंजळ मारली. हो, मारली. लहान होते म्हणून नव्हे, आजही मारेन. आणि तेव्हा मला दिसलं. देवाच्या उजव्या खांद्यावर पाणी पसरून दगड सगळा ओला झाला होता. डाव्या खांद्यावर मात्र पाण्याचे मणी झाले होते आणि ते मणी पटापट खाली धावत होते. मी बोट फिरवलं. बोट बुळबुळीत. वास घेतला, खोबरेल. उजवीकडे बोट फिरवलं, ओलं पण खरखरीत. म्हणजे कोणीतरी डाव्या खांद्यावर तेल लावून ठेवलं होतं, पाण्याने लावलेली पाकळी तिथे टिकणारच नव्हती. तेल पाण्याला धरू देत नाही, एवढं केळुसकर मास्तरांच्या पेल्यांनी मला शिकवलं होतं. आणि कोणी लावलं असेल यात मला शंकाच नव्हती. शिरोड्याचं स्थळ कोणाला हवं होतं?

मी स्वयंपाकघरात धावत गेले. आई आडाळ्यावर बसून खोबरं किसत होती. काकी विहिरीवर होत्या.

"आये, आबांनी देवाक त्याल लायल्यानी," मी म्हटलं. "डाव्या अंगाक. म्हणान पाकळी सुटली. मी आता जावन सगळ्यांसमोर सांगतंय."

आडाळ्याचा आवाज थांबला. "खंयच्या अंगाक?"

"डाव्या."

"डावो खंयचो? माका दाखय."

मी तिच्यासमोर उभी राहिले, पाषाणासारखी, तिच्याकडे तोंड करून, आणि माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. आईने माझ्या खांद्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. तिचा उजवा हात अलगद वर आला आणि बरोबर माझ्या डाव्या खांद्याच्या समोर येऊन थांबला. हाताला खोबऱ्याचा कीस लागला होता.

"आबांनी नाय गो," ती म्हणाली. "मिया लायलंय."

"कधी?" मी विचारलं.

"सकाळी धुताना. सगळो फातर पुसलंय आणि उजव्या बाजूक त्याल ठेवलंय. त्याल आसला तर पाकळी रवाची नाय, ह्यां माका म्हायत होतां. मुठेल करताना हाताक पाणी लागत नाय तसां." तिचा आवाज अगदी खाली गेला होता. "माझ्या उजव्या बाजूक ठेवलंय. समोर उभी रवान."

मी तिच्यावर ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. देवाचा उजवा तो आपला डावा, हे शेंबड्या पोराला कळतं, दादाला पाच वर्षांचा असताना कळत होतं, तुला कसं कळलं नाही. ती आधी ऐकून घेत होती. मग तिने मान वर केली आणि मी आईला रागावलेलं पहिल्यांदा बघितलं. चिमटे काढायची, दटावायची, ते वेगळं. हा राग निराळा होता.

"माका कोणी दाखवल्यानी?" ती म्हणाली. "लगीन होवन इलंय तेव्हापासून पडवीतसून ऐकतंय. उजवो दिल्यान, डावो दिल्यान. कोणाचो उजवो, कोणाचो डावो, ह्यां माका कोणी सांगूक नाय आणि मियाव इचारूक नाय. माका वाटला उजवो म्हणजे उजवो. दादासारख्या झिलाक समोर उभो करून दाखवतत. आमका फातर धुवक सांगतत."

बोलता बोलता ती उठली. पदराला हात पुसले, पदर डोक्यावर ओढला आणि मला म्हणाली, "चल." मी विचारलं, कुठे. पडवी ओलांडून ती सरळ पुढच्या खळ्यात गेली, जिथे आबा आणि तातू चहा पीत होते, आणि आबांसमोर उभी राहिली. तिला तिथे बघून तातूंची बशी हातातच राहिली. मला भीती वाटली की आई आता सगळं दडपेल, नीट धुतलं नाही वगैरे म्हणेल. तसं म्हणून सुटता आलं असतं. ती सुटू इच्छित नव्हती.

"आबानूं, कौल परत लावा," ती म्हणाली. "फातराक त्याल होतां. तां मिया लायलंय. उजवो येवचो म्हणान लायलंय आणि चुकीच्या बाजूक लागलां."

आबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "देवाक फसवतंस?"

"होय, फसवूक गेलंय. फसवूक सुद्धा माका येवक नाय, कित्याक तर तुम्ही माका कधी समोर उभी करूक नाय."

"देवाक दोनदा इचारूचां नसता," आबा म्हणाले. ते उठलेही होते. त्यांच्या दृष्टीने बोलणं संपलं होतं.

"दादाच्या येळेक तीनदा इचारलास," आई म्हणाली.

विहिरीकडून घागर खाली ठेवल्याचा आवाज आला. काकी तिकडे ऐकत उभ्या होत्या. आबा तातूंकडे वळले. त्यांना वाटलं, तातू आपल्या बाजूने बोलतील. तातू म्हाताऱ्या माणसाच्या संथपणे चहा संपवून म्हणाले, "इचारललां, आबानूं. मियाच गाऱ्हाणां घातललंय. आणि फातर अशुद्ध आसात तर कौल धरूचो नाय, ह्यां माझो बापूस सांगायचो." आबांना तातूंवर ओरडता येईना. सगळ्या गावाला आबा जो नियम सांगत तोच नियम होता तो. पण त्यांनी एक अट घातली, की आईने पडवीत जावं. आईने ती मानली नाही. "धुतंय मिया, बिघडवलंय मिया. आता बघतलंय पण मियाच."

पाषाण आम्ही दोघींनी धुतला. आईने चुलीतली राख आणली, भिजवलेले रिठे आणले आणि नारळाच्या शेंडीने दगड असा घासला की त्याचे डोळे निघून येतील की काय असं मला वाटलं. पाणी ओतून बघितलं, पुन्हा घासला, पुन्हा ओतलं. शेवटी पाणी सगळीकडे सारखं पसरलं, कुठे मणी नाही, कुठे घसरण नाही. "आता?" आईने मला विचारलं. मी म्हटलं, आता बरोबर. माझ्या आयुष्यात माझं ज्ञान कोणी पहिल्यांदा विचारलं ते असं. तातूंनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं. पाकळ्या लागल्या. मी समोर, आई माझ्यामागे उभी, आबा बाजूला हात बांधून.

पाकळ्या पडेनात. ना उजवी, ना डावी. राखेने नि रिठ्याने स्वच्छ झालेल्या दगडाला त्या अशा बसल्या की जशा काही त्याच्याच अंगाच्या. ऊन घुमटीच्या उंबऱ्यावर आलं, आत आलं, पाषाणाच्या पायापर्यंत गेलं. चुलीवरचा भात गार झाला. आबांचे पाय दुखायला लागले, ते एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होते, पण आई हलत नाही म्हणून त्यांनाही बसता येईना. पाकळ्यांच्या कडा वाळून वळल्या, तरी मधला भाग चिकटलेलाच. तातू पुन्हा हात जोडून म्हणाले, "म्हाराजा, काय तां बोल." देव काही बोलला नाही. अखेरीस तातू आबांकडे वळून म्हणाले, "देव आज उत्तर देवक तयार नाय."

"म्हणजे नाय," आबा म्हणाले.

"नाय म्हणूक नाय," आई म्हणाली. "नाय म्हणूचां आसतां तर डावो दिल्यान आसतो. देव गप रवलो. तेका काय बोलूचां नाय, तर मिया बोलतंय. चेडू जातलां."

आबांना आयुष्यभर देवाच्या आडून बोलायची सवय, आणि देवच बाजूला झाला. ते घरात गेले. त्यानंतर मरेपर्यंत ते आईशी एक शब्द बोलले नाहीत, पाणी हवं असलं तरी काकीला सांगत. आईला त्याचं दुःख होतं असं लोक म्हणत. मी तिच्या शेजारी झोपत होते. तिला मुळीच दुःख नव्हतं. नंतर काकींकडून कळलं की शिरोड्याच्या लोकांना आबांनी कौलाच्या आधीच शब्द दिला होता. मग तो देव, ते गाऱ्हाणं, ते 'माझां काय ना' कशासाठी? उजवा आला असता तर डावा येईपर्यंत विचारत राहिले असते, आणखी काय.

मागच्या उन्हाळ्यात मंडपातल्या माईकवर हे सगळं सांगायला हवं होतं मी. देवाच्या शब्दाबाहेर ते गेले नाहीत, खरंच आहे, कारण देवाने शब्द दिलाच नव्हता. पण मी उठले तोवर आभारप्रदर्शन सुरू झालं होतं आणि बायका पुन्हा पडवीच्या बाजूला पानं मांडत होत्या.

तेलाचं उत्तर मला हायस्कुलात मिळालं नाही, हे सांगितलं तर लोक हसतात. तिथल्या सरांनीही सांगितलं की तेल हलकं असतं म्हणून. मी तिथेही बाकावर उभी राहिले. उत्तर मिळालं पुष्कळ नंतर, मुंबईत, रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत नोकरी करताना, जिथे तेल आणि पाणी एकत्र नांदवणं हेच माझं काम होतं. आई म्हणायची की तेलाला पाणी नको असतं. तसं नाही. तेल कोणाचा द्वेष करत नाही. पाण्याचे कणच एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की मिठासारखं, साखरेसारखं ज्याच्याशी त्यांचं जुळतं त्यालाच ते आत घेतात, आणि तेलाकडे त्यांना धरायला काही नसतं, म्हणून ते त्याला बाहेर ढकलतात. मग ते वेगळं बसलं की सगळे म्हणतात, त्याचा स्वभावच तसा. हे वाचलं त्या दिवशी मी जेवणाचा डबा उघडलाच नाही. आमच्या घरात आई अशीच वेगळी बसलेली असायची, आणि तिचा स्वभावच अबोल आहे असं आबा पाहुण्यांना सांगत. रिठ्याचं एक टोक तेलाला धरतं आणि एक पाण्याला, म्हणून तो दोघांना एकत्र घेऊन जातो. घरात असा कोणी असता तर तिला दगडाला तेल लावायची वेळ आली नसती.

कौलाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. माझी पत्र्याची पेटी आईच्या डोक्यावर, माझ्या हातात मामाला द्यायचा नारळ आणि आवेल तेलाची बाटली. तरीकडे, म्हणजे खाडीवरच्या होडीकडे, जायची वाट घुमटीवरूनच जाते. आबा नेहमीप्रमाणे पूजेला बसले होते, पाठमोरे. पाकळ्या अजून खांद्यांवर होत्या, वाळून काळ्या पडलेल्या, दोन्ही. त्यांनी त्या काढल्या नव्हत्या. मला वाटलं, आई मान खाली घालून पुढे जाईल. ती थांबली, डोक्यावरच्या पेटीसकट आबांच्या मागे, देवाच्या अगदी समोर. पेटी एका हाताने सावरून तिने दुसरा हात पुढे केला आणि स्वतःच्या डाव्या अंगाला असलेल्या त्याच्या खांद्याकडे बोट दाखवलं. आबांना ऐकू जाईल अशा आवाजात ती मला म्हणाली, "हो तेचो उजवो. ध्यानात ठेव. तुझ्या चेडवाक सांगूक व्हयो."